पावसाळ्यात मालवणहून पेनांग: केवळ खाण्यासाठी सहा दिवसांची सहल कशी आखावी?

खाणावळ, मालवण (प्रश्न)

मालवणजवळ समुद्रालगत आमची पाच खोल्यांची न्याहारी-निवास व्यवस्था आहे आणि तिला जोडून एक छोटी खाणावळ आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि पर्यटकही तुरळक येतात, त्यामुळे वर्षातले हे दोनच महिने आम्हां घरच्यांना मोकळे मिळतात. यंदा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, आषाढी एकादशीच्या आधी परत येता येईल अशा बेताने, मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे आग्नेय आशियातल्या एखाद्या शहरात जाऊन केवळ तिथले खाणे पाहावे, खावे आणि जमल्यास थोडे शिकून यावे, असे मनात आहे.

हे इतके स्पष्ट सांगण्याचे कारण असे की, तीन वर्षांपूर्वी आम्ही एका पर्यटन कंपनीबरोबर थायलंडला गेलो होतो आणि पाच दिवसांतली सगळी जेवणे आम्हांला एकाच छापाच्या भारतीय बुफेत घडवली गेली. पनीर, पिवळी डाळ, जिरा राईस आणि गुलाबजाम. एका संध्याकाळी बस सिग्नलला थांबली असताना फुटपाथवर एक बाई केळीच्या पानात गुंडाळून काहीतरी निखाऱ्यावर भाजत होती. पान करपल्याचा आणि खोबऱ्याचा तो वास खिडकीतून आत आला, पण उतरता आले नाही. ते काय होते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे उतरलेल्या एका पाहुण्यांनी बांगड्याचे तिखले खाताना सांगितले की, मलेशियातल्या पेनांग बेटावर बांगड्याचेच एक आंबट-तिखट कालवण भाताच्या जाड शेवयांवर ओतून देतात. तेव्हापासून पेनांगचे नाव डोक्यातून जात नाही. ते शहर सहा दिवसांना पुरेल का, दिवस कसा आखावा आणि जायचे कसे, हे जाणकारांनी सांगावे. आम्ही डुकराचे मांस आणि गोमांस खात नाही. सासूबाईंचे वय ६८ आहे. त्या आवडीने मासे खातात, परंतु सोमवारी आणि गुरुवारी शाकाहारच करतात.

देवगडचा कातळ

ताई, मी नोकरीनिमित्त पेनांगला चार वर्षे राहिलो. बेटाच्या दक्षिणेकडे बायान लपास येथे इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आहेत, तिथे मी कामाला होतो आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस पेनांगच्या मुख्य शहरात, जॉर्जटाउनमध्ये, खाण्यात घालवत असे. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाने केवळ खाण्यासाठी एकच शहर निवडायचे असेल, तर मी निःसंकोच पेनांग म्हणेन, कारण तिथली निम्मी सामग्री आपल्या परसातली आहे आणि तिचे त्यांनी केलेले पदार्थ मात्र आपल्या कल्पनेत कधी आलेले नसतात.

तुमच्या पाहुण्यांनी सांगितलेला पदार्थ म्हणजे आसाम लाक्सा. 'आसाम' म्हणजे मलय भाषेत आंबट. आपल्या आसाम राज्याशी त्याचा संबंध नाही. त्यात पडणारा मासा, ज्याला ते 'केंबुंग' म्हणतात, तो आपला बांगडाच. तो उकडून, काटे काढून, त्याचा कीस रश्शात परत सोडतात. आंबटपणासाठी चिंच असतेच, शिवाय कोकमाच्याच कुळातल्या एका मोठ्या फळाच्या वाळवलेल्या चकत्या असतात, ज्यांना 'आसाम केपिंग' म्हणतात. मी पहिल्यांदा बाजारात त्या हातात घेतल्या तेव्हा रंगाने त्या वेगळ्या होत्या, पण वास घेताच मला आमच्या माडीवर वाळत घातलेली आमसुले आठवली. गवती चहाचे दांडे, गालंगल (आल्यासारखा एक कंद), तिखट, 'बलाचान' नावाची आंबवलेल्या बारीक कोळंबीची वडी आणि आल्याच्या जातीच्या एका झाडाची गुलाबी कळी हे सगळे त्या रश्शात उकळते. मग पांढऱ्या गुळगुळीत शेवयांवर तो ओततात, वर काकडी, अननस, कांदा आणि पुदिना पेरतात आणि शेवटी चमच्यात कोळंबीचा काळा, काकवीसारखा दाट पाक देतात. तो पाक लगेच ढवळू नये. आधी दोन घास नुसत्या रश्शाचे घ्यावेत, मग चमचा बुडवावा. चव कुठून कुठे जाते ते त्याशिवाय कळत नाही. आपण बांगड्याच्या कालवणात ज्या जागी तिरफळ घालतो, ती जागा तिथे त्या कळीने घेतली आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. नारळ मात्र यात नसतो. नारळाच्या रसातल्या शेवया हव्या असतील तर 'करी मी' वेगळी मागावी.

दिवस आखण्याबद्दल माझे आग्रहाचे सांगणे असे की, आधी स्थळे ठरवून मध्ये जेवण बसवू नका. खाण्याच्या हातगाड्यांच्या वेळा ठरवून मध्ये जमतील तेवढी स्थळे बसवा. तिथला एक विक्रेता बहुधा एकच पदार्थ आयुष्यभर करतो आणि तोही ठरावीक वेळीच. सकाळचा गाडा दुपारी नसतो, रात्रीचा गाडा सूर्यास्तानंतर लागतो आणि प्रत्येकाची आठवड्याची सुट्टी वेगळी असते. म्हणून मुक्काम जॉर्जटाउनच्या जुन्या वस्तीतच करा. मलाका शहराबरोबर या वस्तीला २००८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. चुलिया स्ट्रीट, किंबर्ली स्ट्रीट आणि न्यू लेन येथले रात्रीचे गाडे तिथून पायी गाठता येतात, आणि सासूबाईंना दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता येईल, हा मोठा फायदा आहे.

एका वेळी तिघांत एकच ताट घ्या, हेही तितकेच महत्त्वाचे. ताटे लहानच असतात आणि दर साधारण सात ते दहा रिंगिट असतो. एक रिंगिट म्हणजे आपले वीस रुपये धरा. तिघांनी वेगवेगळी ताटे घेऊन पोट भरले, तर सहा दिवसांत तुम्ही अठरा पदार्थ खाल. वाटून खाल्ले तर चाळीस. चहा-कॉफीच्या जुन्या दुकानांत, ज्यांना 'कोपितियाम' म्हणतात, टेबल दुकानदाराचे आणि आतले गाडे वेगवेगळ्या माणसांचे असतात. तिथे बसल्यावर पेय दुकानाकडून घ्यायचे, खाणे गाड्यावर जाऊन सांगायचे आणि ताट टेबलावर आले की पैसे द्यायचे. सुटे पैसे जवळ ठेवा.

'चार क्वे तिओ' हा पदार्थ निवांत उभे राहून पाहा. तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, शिंपल्यांतले मांस, अंडे आणि मोड आलेले मूग प्रखर आचेच्या कढईत एका वेळी एका ताटापुरतेच परततात. दहा ताटांची मागणी असली तरी चांगला गाडेवाला दहा वेळा कढई तापवतो. खाणावळ चालवणाऱ्या माणसाने ही गोष्ट मुद्दाम पाहावी. मात्र त्यात बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी आणि सॉसेज असते, म्हणून मुस्लिम विक्रेत्याचा गाडा शोधावा. कालवांचे सुके तुम्ही घरी करत असाल. तिथे कालवांचे अंड्यातले आमलेट, 'ओ चिएन', मिळते. चरबी कोणती वापरली आहे, हे तिथेही विचारून घ्या.

जाण्याचे म्हणाल, तर चेन्नईहून डिसेंबर २०२४ पासून पेनांगला थेट विमान सुरू झाले आहे, त्यामुळे गोव्यातल्या मोपा विमानतळाहून चेन्नई गाठून पुढे जाणे तुम्हांला सर्वांत सोयीचे ठरावे. दुसरा मार्ग मुंबईहून क्वालालंपूर, तिथून बेटासमोरच्या किनाऱ्यावरील बटरवर्थपर्यंतची साधारण चार तासांची रेल्वे आणि मग खाडी ओलांडणारी फेरीबोट. फेरीतून जॉर्जटाउनचा धक्का जवळ येताना पाहणे मला विमानापेक्षा अधिक आवडते, परंतु सासूबाईंच्या दृष्टीने पहिला मार्ग बरा. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे, म्हणून तिकिटापूर्वी ती चालू असल्याची खात्री करून घ्या, आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत त्यांचे डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरा. जुलैत तिथे सरी येतात, पण कोकणासारखी झड लागत नाही. खरा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरला असतो.

हर्णै बंदर

मी तीस वर्षे जहाजावर भंडारी होतो, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक माझ्याकडे असे, आणि बटरवर्थला जहाज लागले की फेरीने पलीकडे जेवायला जाणे हा आमचा नेम होता. देवगडच्या भावांनी लिहिलेले सगळे रास्त आहे. एका गोष्टीची भर घालतो, कारण त्यात हिंदू प्रवाशांची फसगत होताना मी पाहिली आहे. मी मुसलमान असल्यामुळे हलालची पाटी पाहिली की निर्धास्त बसत असे. तुमचे तसे नाही. हलालच्या दुकानात डुक्कर नसते, पण गोमांस असते. चिनी दुकानात गोमांस क्वचित असते, पण डुक्कर असण्याची शक्यता फार असते. म्हणून दोन्हीकडे विचारावे लागेल. 'साया तिदाक माकान बाबी दान लेंबू', म्हणजे मी डुक्कर आणि गोमांस खात नाही, एवढे एक वाक्य तिघांनीही पाठ करावे. नुसते 'दागिंग' म्हटले तर बहुधा गोमांस समजावे. 'कांबिंग' म्हणजे बकरा, 'आयाम' म्हणजे कोंबडी, 'इकान' म्हणजे मासा, 'उदांग' म्हणजे कोळंबी आणि 'सोतोंग' म्हणजे माकूल.

'नासी कांदार' चुकवू नका. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे कावड. दक्षिण भारतातून गेलेले तमिळ मुसलमान पूर्वी एका बाजूला भाताचे आणि दुसऱ्या बाजूला कालवणाचे भांडे लटकवून कावडीने विकत फिरत, त्यावरून हे नाव पडले. कॅम्पबेल स्ट्रीटवरचे हमीदिया १९०७ पासून चालू आहे. तिथे काचेमागे कालवणांचे टोप ओळीने मांडलेले असतात. बोट दाखवून घ्यायचे असते. माशाची गाबोळी दिसली तर अवश्य घ्या, ती मसाल्यात इतकी मुरलेली असते की वेगळे कालवण लागत नाही. वाढणाऱ्याला 'बांजिर' म्हणा. बांजिर म्हणजे पूर. मग तो चार-पाच टोपांतला रस्सा एकावर एक भातावर ओततो, आणि त्या मिसळलेल्या रश्शातच त्या जेवणाची खरी चव आहे. आपण घरी दोन कालवणे एकत्र करत नाही, म्हणून सुरुवातीला हात आखडतो; तसे करू नये.

बांदा-सावंतवाडी

माझे मत थोडे वेगळे आहे. वयस्कर माणूस बरोबर असेल आणि हा गटाशिवायचा पहिलाच परदेश प्रवास असेल, तर सिंगापूरचा विचार करावा. तिथली हॉकर केंद्रे, म्हणजे खाद्यविक्रेत्यांचे एकत्र गाळे, छपराखाली आहेत, स्वच्छतागृहे आणि बसायला जागा हमखास मिळते, मेट्रोने सगळीकडे जाता येते. लिटल इंडियातल्या टेक्का केंद्रात तमिळ, मलय आणि चिनी पदार्थ एकाच छताखाली मिळतात. २०२० साली युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, ती उगाच नव्हे. व्हिसा मात्र आधी काढावा लागतो आणि राहण्याचा खर्च पेनांगपेक्षा बराच अधिक येतो, हे मान्य करतो.

देवगडचा कातळ

सिंगापूरच्या सोयीबद्दल दुमत नाही, आणि दोनच दिवस हाताशी असते तर मीही तेच सुचवले असते. परंतु ताईंना सहा दिवस आहेत आणि शिकून यायचे आहे. सिंगापुरात तयार ताट समोर येते. पेनांगला त्या ताटामागची बाग, बाजार आणि बंदर बसने गाठता येते. रॅपिड पेनांग या तिथल्या बससेवेची ४०१ क्रमांकाची बस डोंगर ओलांडून बालिक पुलाऊला जाते. तिथे ड्युरियन या काटेरी, उग्र वासाच्या फळाच्या बागा आहेत आणि जून-जुलै हाच त्याचा भर हंगाम आहे, म्हणजे तुमची सुट्टी अगदी नेमकी पडते. बरका फणस आवडणाऱ्या माणसाला ड्युरियनची धास्ती वाटण्याचे कारण नाही. पिकलेल्या फणसाचा वास ज्या घरात चालतो, त्या घरात हाही चालेल. हॉटेलात मात्र तो नेऊ देत नाहीत, म्हणून बागेतच बसून खावा.

त्याच भागात जायफळाची झाडे आहेत. आपल्या नारळी-पोफळीच्या बागांतही ती आहेत, पण आपण जायफळ आणि जायपत्री काढून घेतो आणि बाहेरची जाड साल बहुधा टाकून देतो. पेनांगला त्या सालीचेच सरबत करतात, तिच्या फोडी साखरेत मुरवून विकतात. जॉर्जटाउनमधल्या बाजारात त्याच्या बरण्या ओळीने लावलेल्या दिसतील. त्या बाजाराचे नाव 'चौरस्ता' आहे आणि ते आपल्याच शब्दावरून पडले आहे. कोकम सरबत विकणाऱ्या खाणावळीने हे सरबत चाखून यावे, असे मला फार मनापासून वाटते. अंबाड्याचे सरबतही मागा. तिथे त्याला 'अंब्रा' म्हणतात आणि ते सालीसकट वाटून, खारवलेले आलुबुखार घालून देतात.

रत्नागिरी, वरची आळी

मी पूर्ण शाकाहारी आहे आणि आईला घेऊन पेनांगला पाच दिवस राहून आले, म्हणून सासूबाईंच्या सोमवार-गुरुवारपुरते लिहिते. त्या दिवशी उपाशी राहण्याची वेळ येणार नाही, परंतु डोळे उघडे ठेवावे लागतील. खरी अडचण मांसाची नसून बलाचानची आहे. साध्या परतलेल्या पालेभाजीतही ती कोळंबीची वडी पडते आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो पदार्थ भाजीचाच असतो. 'तानपा बलाचान', म्हणजे बलाचान न घालता, असे स्पष्ट सांगावे.

चिनी बौद्ध लोकांची शाकाहारी दुकाने पुष्कळ आहेत आणि त्यांच्या पाटीवर 素 हे एकच अक्षर मोठे काढलेले असते. ते चित्रासारखे ध्यानात ठेवावे. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे सासूबाईंचे सोवळे अधिक असले तरी निभावेल. आयर इताम येथल्या केक लोक सी या मोठ्या बौद्ध मंदिराच्या परिसरात असे जेवण आम्हांला सहज मिळाले. लिटल इंडियात केळीच्या पानावरचा तमिळ भात आहे आणि सकाळी कुठेही रोटी चनाई (पराठ्यासारखी पदरांची रोटी) व डाळ मिळते.

पण खरा आनंद गोडात आहे. 'कुइह कोची' म्हणून एक प्रकार केळीच्या पानात गुंडाळून येतो. पान उलगडले की आत चिकट तांदळाच्या पिठाची मऊ पारी आणि तिच्यात गुळात शिजवलेले ओले खोबरे असते. आईने पहिला घास घेतला आणि ती म्हणाली, 'अगं, हा तर मोदक, नुसता कळ्या न पाडलेला.' गूळही माडाच्या नीरेचा असतो, उसाचा नव्हे; त्याला किंचित धुरकट चव असते. तोच गूळ आणि नारळाचा रस घालून केलेले 'चेंडोल' केंग क्वी गल्लीत १९३६ पासूनच्या गाड्यावर मिळते. आपल्या शिरवाळ्यांच्या रसात बर्फ घातला तर कसा लागेल, याची कल्पना तिथे येते, फक्त त्यात राजमाही असतो, त्याने दचकू नये.

खाणावळ, मालवण

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी काल रात्री सासूबाईंना आणि यजमानांना मोठ्याने वाचून दाखवली आणि बेत पक्का झाला. बांदा-सावंतवाडीकरांचा सल्ला काळजीपोटी आहे हे समजते, पण सिंगापूर पुढच्या वेळी पाहू.

बुधवारी संध्याकाळी पोहोचायचे आणि पुढच्या मंगळवारी निघायचे, असे ठरवले आहे. त्यामुळे गुरुवार लिटल इंडिया, चेंडोल आणि पानातल्या गोड पदार्थांसाठी राहील, सोमवारी केक लोक सीला जाऊन बौद्ध जेवण घेऊ, आणि शुक्रवार, शनिवार व रविवार हे तीन सलग दिवस माशांना मिळतील. लाक्सा मी तिन्ही दिवस तीन वेगळ्या गाड्यांवर खाणार आहे, कारण एकाच पदार्थात हात कसा बदलतो ते मला पाहायचे आहे. शनिवारी सकाळी ४०१ क्रमांकाच्या बसने बालिक पुलाऊ. हर्णैच्या काकांचे वाक्य यजमानांनी वहीत उतरवून घेतले आहे आणि ते सकाळपासून म्हणत आहेत.

देवगडच्या दादांना एक विचारायचे आहे: आसाम केपिंगच्या वाळलेल्या चकत्या आणि थोडे बलाचान घरी आणता येईल का?

देवगडचा कातळ

बलाचानची बंद वडी घ्या, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधा आणि विमानतळावर जमा करायच्या सामानात टाका. हातातल्या पिशवीत ठेवली तर सगळ्या विमानाला कळेल. माझ्या घरी दोन्ही वस्तू अनेकदा आल्या आहेत, तरी अन्नपदार्थ आणण्याचे चालू नियम निघण्यापूर्वी पाहून घ्या. कितीही मोह झाला तरी रोप किंवा बियाणे मात्र आणू नका. त्याला आधी परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो.

खाणावळ, मालवण

समजले. रोपाची गरज पडणार नाही. आमच्या विहिरीपाशी जायफळाची दोन झाडे आहेत आणि या पावसात फळे तडकू लागली आहेत. आज सकाळी सासूबाईंनी त्यांतली जायफळे व जायपत्री नेहमीप्रमाणे सुपात काढली, आणि साली खताच्या खड्ड्यात न टाकता चिरून, मीठ लावून बरणीत भरून ठेवल्या आहेत.